फावल्या वेळच्या गोष्टी : शेजाऱ्यांचा डबा



एका भगिनीनें पत्र पाठवून आमच्याविरुद्ध प्रेमळ तक्रार केली आहे. त्या लिहितात, "तुमच्या सदरांत स्वयंपाकघरांतून निघालेला विषय राजकारणांत शिरतो, तेथून सिनेमाला जातो आणि शेवटीं कोठें बसतो त्याचा पत्ता लागत नाहीं. एकच विषय धरून लिहावयास तुम्हांस काय हरकत आहे?" हरकत कांहींच नाहीं; अडचण आहे ती घराची. आमच्या घरीं एका खोलींत वर्तमानपत्र मोठ्यानें वाचलें जातें, दुसरींत जुना बोलपट चालूं असतो, तिसरींत कांहींतरी भाजलें जात असतें, आणि तिन्ही खोल्यांचीं दारें सदैव उघडीं असतात. तेव्हां या खेपेसही राजकारण, बोलपट व नानकटाई या तिहींविषयीं लिहिल्यावांचून आमची सुटका नाहीं. मात्र या वेळीं तिन्ही विषय एका स्टीलच्या डब्यापाशीं येऊन थांबतात, एवढी हमी आम्ही त्या भगिनीस देतों.

डबा आमचा नव्हे. तो समोरच्या नानांचा. नाना शाळेंत गणित शिकवीत असत. उभ्या हयातींत त्यांनीं शिकवणीचा एक पैसा घेतला नाहीं. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं घरीं आणून ठेवलेली आंब्यांची पेटी त्यांनीं रिक्षांत घालून परत पोंचविली, आणि रिक्षाचें भाडेंही स्वतःच्या खिशांतून दिलें, ही गोष्ट आमच्या पेठेंत लहानथोरांस ठाऊक आहे. आमचा जुना वाडा पाडून तेथें इमारत उभी राहिली, तेव्हां वाड्यांत समोरासमोर राहणारीं आम्ही दोन बिऱ्हाडें हट्ट धरून एकाच मजल्यावर पुन्हां समोरासमोरच आलों. मधल्या चार हात फरशीवरून वाट्या, ताटल्या व डबे यांची ये-जा अखंड चालूं राहिली. या व्यवहाराचा नियम आपल्या सर्वांच्याच घरांत एक आहे: शेजाऱ्याचें भांडें रिकामें परत पाठवूं नये, कांहीं नसेल तर निदान चिमूटभर साखर घालावी.

आतां राजकारण. २३ नोव्हेंबर २०२४ हा विधानसभेच्या मतमोजणीचा दिवस. याच तारखेस, बरोबर पांच वर्षांपूर्वीं, २०१९ सालीं तो प्रसिद्ध पहाटेचा शपथविधी झाला होता आणि तें सरकार चौथ्या दिवशीं कोसळलें होतें. मधल्या पांच वर्षांत, २०२२ सालीं एक पक्ष दुभंगला, २०२३ सालीं दुसरा. कोणता आमदार कोणाचा हें समजून घेण्यास रोज सकाळीं नवें वर्तमानपत्र लागूं लागलें. नानांचीं व आमचीं राजकीय मतें पहिल्यापासून भिन्न. कोणाचा कल कोणीकडे होता हें सांगून या मासिकाच्या कुटुंबांत दोन तट पाडण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु मतमोजणी मात्र दोन्ही घरें वर्षानुवर्षें आमच्या दिवाणखान्यांत एकत्र बसून पाहत. त्या शनिवारींही नाना आले, आणि नानींनीं नारळाच्या वड्यांचा डबा पाठविला.

दुपारपर्यंत निकालाचा रंग स्पष्ट झाला. एका पक्षास हर्ष झाला, दुसऱ्यास खेद. येथपर्यंत सर्व नित्याप्रमाणें होतें. परंतु बोलण्याच्या भरांत आमच्या तोंडून एक वाक्य निघून गेलें: "ज्यांनीं तिकडे मत दिलें, ते सगळे विकले गेलेले लोक आहेत." तिकडे मत देणारे एक गृहस्थ आमच्यासमोर हातांत वडी घेऊन बसले आहेत, याचें भान आम्हांस राहिलें नाहीं. नानांनीं अर्धी वडी बशींत ठेवली, चष्मा पुसला, "येतों" एवढेंच म्हटलें आणि ते उठून गेले. विकला गेलेला हा शब्द कोणाला म्हटला? तर आंब्यांची पेटी स्वतःच्या भाड्यानें परत करणाऱ्या माणसाला.

संध्याकाळपर्यंत येतील, असें आम्ही समजलों. ते आले नाहींत. दुसऱ्या दिवशीं आम्ही जावयास हवें होतें. परंतु आपली चूक आपणांस पुरती कळून आली म्हणजे पाय अधिकच जड होतात, असा अनुभव आहे. आठवडा गेला, महिना गेला. वर्तमानपत्रांची अदलाबदल थांबली. उद्वाहकांत एकत्र सांपडलों तर दोघेही मजल्यांचे आंकडे एकाग्रतेनें वाचूं लागलों. मे महिन्यांत नानांस हृदयविकारामुळें आठ दिवस रुग्णालयांत राहावें लागलें, ही वार्ता आम्हांस कळली ती इमारतीच्या पहारेकऱ्याकडून. नाना घरीं आल्यावर आम्ही त्यांच्या दारापर्यंत गेलों, घंटेवर बोट ठेवलें, आणि घंटा न वाजवितां परत आलों. हें लिहितांना लाज वाटते. पण झालें तें असें आहे. नानींचा डबा घासूनपुसून आमच्या फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर बसला होता. रिकामा तो पाठवितां येत नव्हता, आणि भरून नेण्यास तोंड नव्हतें.

इकडे राज्याचें राजकारण आपल्या गतीनें चाललें होतें. एप्रिल २०२५ मध्यें पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा शासननिर्णय निघाला, त्यावरून महाराष्ट्रांत वादळ उठलें आणि २९ जून रोजीं शासनानें तो मागें घेतला. पाठोपाठ ५ जुलैस मुंबईंत वरळी येथें दोघे ठाकरे बंधु सुमारें वीस वर्षांनंतर एका व्यासपीठावर आले. तो सोहळा आम्ही दूरचित्रवाणीवर एकटेच पाहत होतों. सौ. स्वयंपाकघराच्या दारांत हात पुशीत उभ्या राहिल्या व म्हणाल्या, "हे दोघे वीस वर्षांनीं एकत्र आले. तुम्हांला तर जिनासुद्धां उतरायचा नाहीं."

आम्हीं म्हटलें, "राजकारणांत एकत्र येण्यास कारण असतें. मतांची गणितें असतात."

"मग तुमचें भांडण तरी दुसऱ्या कशाचें होतें?" असें विचारून त्या आंत गेल्या. कुकरची शिट्टी झाली म्हणून आम्हांस उत्तर देण्यापासून सुटका मिळाली.

त्याच आठवड्यांत, बाहेर धो धो पाऊस पडत असतां, आमच्या कन्येनें संगणकावर प्रभातचा 'शेजारी' लावला. तिनें तो हेतुपुरस्सर लावला कीं सहज, हें आम्हीं विचारलें नाहीं. ज्यांनीं पाहिला नसेल त्यांच्याकरितां थोडें सांगणें अवश्य आहे. व्ही. शांताराम यांनीं १९४१ सालीं काढलेला हा बोलपट. त्याची कथा विश्राम बेडेकरांची. यानंतर शांताराम प्रभात सोडून गेले. एका खेड्यांत जिवबा व मिर्झा हे दोन वृद्ध शेजारी राहतात. एक हिंदु, दुसरा मुसलमान. दोघांची मैत्री पिढीजात, दोघांना बुद्धिबळाचा नाद. गांवावर धरण बांधूं पाहणाऱ्या धनिकाला ही एकी अडचणीची वाटते, व तो दोन्ही घरांत संशयाचें बीज पेरतो. केशवराव दात्यांचा जिवबा आणि गजानन जागीरदारांचा मिर्झा एकदां पाहिला म्हणजे विसरत नाहीं. हिंदी आवृत्तींत, म्हणजे 'पडोसी'मध्यें, हिंदु शेजाऱ्याचें काम मजहर खान या मुसलमान नटाकडे आणि मिर्झाचें काम पुन्हां जागीरदारांकडे होतें. देशाची फाळणी होण्यास सहा वर्षें अवकाश असतांना पुण्याच्या एका कारखान्यानें हा बोलपट काढला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या मंडळींच्या धाडसाचें कौतुक वाटतें.

याच केशवराव दात्यांनीं चारच वर्षें आधीं 'कुंकू'मध्यें उतारवयांत तरुण मुलीशीं लग्न केलेल्या काकासाहेब वकिलाचें काम केलें होतें. शान्ता आपट्यांच्या नीरेचा बाणेदारपणा सर्वांच्या लक्षांत राहिला. परंतु आपलें चुकलें हें जो माणूस हळूहळू, नाइलाजानें, रात्रीं एकटा असतांना कबूल करीत जातो, त्याचा चेहरा आम्हांस अधिक आठवतो. चूक उमगल्यावर मनुष्य कसा बसतो, कसा उठतो, हें दात्यांस ठाऊक होतें.

जुने बोलपट पाहतांना मनांत एक धास्तीही असते. प्रभातची स्थापना १९२९ सालीं कोल्हापुरास झाली व १९३३ सालीं ती पुण्यास आली. तिच्या जागेंत १९६० सालीं सरकारी चित्रपटशिक्षणसंस्था निघाली. चित्रपटांचें राष्ट्रीय संग्रहालयही पुण्यासच, १९६४ सालचें. असें असूनही २००३ च्या जानेवारींत जुन्या फितींच्या कोठारास आग लागून कित्येक दुर्मिळ चित्रपटांच्या प्रती जळाल्या. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या असत, आणि तें द्रव्य इतकें ज्वालाग्राही कीं एकदां पेटलें म्हणजे विझवितां विझत नाहीं. जें आपल्या हाताशीं आहे तें सदैव राहीलच, असें धरून चालण्यांत अर्थ नसतो.

'शेजारी'चा शेवट असा आहे कीं धरण फुटतें, आणि त्या प्रलयांत दोघे म्हातारे एकमेकांचा हात धरून मरण पावतात. पूर्वीं दोनदां पाहिला तेव्हां दोन्ही वेळां आम्ही रडलों होतों. या खेपेस रडूं आलें नाहीं. मनांत निराळाच विचार आला. त्या बिचाऱ्यांमध्यें वैर पेरण्यास निदान एक धरणवाला तरी लागला. आमच्या घरांत कोणीही आला नव्हता. धरण आमचें आम्हींच एका वाक्यांत बांधलें होतें. आणि मे महिन्यांत तें जवळजवळ फुटलेंच होतें. तसें झालें असतें तर पहारेकऱ्यानें निराळी वार्ता दिली असती, व नारळाच्या वड्यांचा डबा आमच्या फळीवर कायमचा राहिला असता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं सौ.स म्हटलें, "नानांकडे डबा पाठवावयाचा आहे. कांहींतरी करा."

"मीं कां करावें? डबा अडकविला तुम्हीं," असें म्हणून त्यांनीं आमच्यापुढें परात ठेवली. "नानकटाई करा. त्यांना आवडते. मी सांगते, हात तुमचे."

नानकटाईशीं आमचें नातें जुनें आहे. आमच्या बालपणीं, साठच्या दशकांत, घरोघरीं भट्टी नव्हती. मे महिन्याच्या सुटींत आई मैदा, तूप व साखर मापून पिशवींत भरी आणि आम्हीं तें बेकरींत नेऊन द्यावें. तेथें सगळ्या पेठेंतील पोरें आपापला पत्र्याचा डबा घेऊन ओळीनें बसत. भट्टींतून निघणाऱ्या वासावर दोन दोन तास सहज जात. आमच्या घरीं एक सोंवळ्या आत्याबाई होत्या. बेकरीच्या पावाचें नांवही त्यांना खपत नसे. परंतु ही नानकटाई त्या खुशाल खात. कारण विचारलें तर म्हणत, "पीठ आपलें, तूप आपलें, आणि अग्नीला विटाळ नसतो." नान हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ भाकरी असा आहे, हें त्यांना कोणी सांगितलें नाहीं, तें बरेंच झालें.

याच पुण्यांत १८९० सालीं बिस्किटांवरून किती मोठें वादळ उठलें होतें, तें वाचकांस ठाऊकच असेल. पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या मंडळींपुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. गोपाळराव जोशांनीं उपस्थितांचीं नांवें छापून आणविलीं, आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. न्यायमूर्ति रानडे व टिळक, दोघेही त्या यादींत होते. दोघांसही अखेर प्रायश्चित्ताचा मार्ग धरावा लागला. ज्या दोन पुरुषांचें एरवीं सहसा एकमत होत नसे, त्यांना एका चहाच्या पेल्यानें एका पंक्तीस बसविलें!

असो, परातीकडे वळूं. प्रमाण सोपें आहे. एक वाटी घट्ट साजूक तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, दोन चमचे डाळीचें पीठ, दोन चमचे बारीक रवा, चिमूटभर खाण्याचा सोडा, वेलदोडा व किंचित् जायफळ. तूप व साखर परातींत घेऊन तळहातानें फेंसावें. तें पांढरें व हलकें झालें पाहिजे. वाटींत पाणी घेऊन त्यांत एक थेंब टाकावा. तो तरंगला तर फेंसणें पुरें झालें. मग पिठें चाळून मिसळावीं, पण मळूं नयेत. मैदा मळला कीं त्याला चिवटपणा येतो व खुसखुशीतपणा जातो. लिंबाएवढे गोळे करून, किंचित् चपटे दाबून, अंतरा-अंतरानें मांडावे, आणि आधीं तापविलेल्या भट्टींत १६० ते १७० अंशांवर पंधरा ते वीस मिनिटें भाजावे. भट्टी नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यांत वाळू तापवून, त्यावर ताटली ठेवून, मंद आंचेवरही उत्तम होतात.

आमची पहिली खेप फसली. घाई झाल्यामुळें आम्हीं तूप वितळवून घेतलें होतें. वितळलेल्या तुपांत हवा धरत नाहीं. गोळे भट्टींत जातांच पसरले व सर्वांची मिळून एक पोळी झाली. सौ. म्हणाल्या, "आंच कमी आणि धीर जास्ती, एवढेंच लागतें." दुसरी खेप बरी उतरली. आणखी एक सूचना नवशिक्यांकरितां: भट्टींतून काढलेली नानकटाई मऊच असते, कच्ची समजून तिला पुन्हां आंत घालूं नये. निवल्यावरच ती खुसखुशीत होते. आम्हीं एक ताटली पुन्हां आंत घातली, आणि तिचे तळ करपले.

ती निवत होती तोंवर आम्ही खिडकीपाशीं बसलों, आणि मनांत टिळक व आगरकर आले. १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस एकत्र काढणारे हे दोन मित्र. पुढें सुधारणेच्या प्रश्नावरून मतें फाटलीं; आगरकरांनीं 'केसरी' सोडला, १८८८ सालीं 'सुधारक' काढला, आणि दोन्ही पत्रांतून एकमेकांवर जे वार झाले ते आजही वाचवत नाहींत. १८९५ च्या जूनमध्यें आगरकर गेले, वय अवघें एकोणचाळीस असेल नसेल. आणि त्यांच्यावरचा मृत्युलेख 'केसरी'ंत टिळकांनीं लिहिला. १९०१ सालीं रानडे गेले, तेव्हांही तसाच लेख टिळकांनींच लिहिला. मन मोठें असल्यावांचून असे लेख हातून उतरत नाहींत. परंतु ज्याच्याविषयीं लिहिले त्याला ते वाचतां आले नाहींत, ही हळहळ राहतेच. नानांविषयीं आमच्या मनांत जें आहे, तें आम्ही या सदरांत केव्हां तरी लिहिणारच होतों. मग तें त्यांच्या हयातींत, त्यांच्या तोंडावर सांगण्यास काय हरकत होती?

तो दिवस १२ जुलैचा. डबा भरला, झांकण लावलें, चार पावलें चालून घंटा वाजविली. दार नानांनींच उघडलें. ते बरेच वाळले होते. त्यांनीं आधीं डब्याकडे पाहिलें, मग आमच्याकडे.

"डबा आमचा ना?"

"होय."

"सात महिने एकोणीस दिवस," ते म्हणाले. गणिताचे मास्तर, बोटें मोजावीं लागलीं नाहींत.

"नाना, त्या दिवशीं बोललों तें चुकीचें बोललों."

"मताबद्दल म्हणतां, कीं माणसाबद्दल?"

"माणसाबद्दल. मत अजून तेंच आहे."

"मग या आंत," नाना म्हणाले. "मत आमचेंही तेंच आहे."

आंत गेल्यावर नानींनीं डबा उघडून वास घेतला आणि सांगितलें कीं डॉक्टरांनीं तूप वर्ज्य केलें आहे, तेव्हां अर्धीच मिळेल. नानांनीं अर्धी नानकटाई हातांत घेऊन उलटी करून पाहिली. "तळ करपला आहे," असा शेरा दिला, आणि ती सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाल्ली. मग त्यांनीं आमच्यापुढें त्या दिवसाचें वर्तमानपत्र टाकलें. पुणें महापालिकेची निवडणूक २०१७ नंतर झालीच नव्हती. ती केव्हां होणार व कोण येणार, यावरून पुढच्या पंधरा मिनिटांत आमचें कडाक्याचें भांडण जुंपलें. आवाज इतके चढले कीं समोरून सौ. धांवत आल्या. दोघेही हंसत आहेत असें पाहून त्या कांहींएक न बोलतां परत गेल्या.

चार दिवसांनीं डबा आमच्याकडे परत आला. त्यांत कुळिथाचें पीठ होतें. आम्हीं तो दुसऱ्याच दिवशीं पोंचता केला. वरच्या फळीवर आम्ही आतां शेजाऱ्यांचें भांडें ठेवीत नाहीं.

तक्रार करणाऱ्या भगिनींस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं एकवार आपल्या फडताळाची वरची फळी पाहावी. तेथें कोणाचें ताट, वाटी वा डबा अडकलेला आढळल्यास नानकटाईचें प्रमाण वर दिलेंच आहे. तेवढा वेळ नसेल, तर चिमूटभर साखर पुरे.